सन्निध मावणार नाही असं घर

घर इतकं लहान का घेतलं, या प्रश्नाला हेमांगीबाई आवटींनी चार-पाच उत्तरं तयार ठेवली होती. समोरचा माणूस बघायचा आणि त्यातलं एक काढून द्यायचं. विश्रामबागेतल्या जुन्या शेजारीणबाई वर्षा पाटील यांना गुडघ्यांचं उत्तर मिळालं होतं, जिना चढवत नाही म्हणून. शाळेतल्या मैत्रिणींना झाडलोटीचं: कामाला बाई मिळत नाही, आणि झाडू मारणारं यंत्र प्रत्येक उंबऱ्याशी अडून मदतीसाठी ओरडत बसतं. पुतण्याला उन्हाळ्याचं: हल्ली मार्चपासूनच सांगलीची भट्टी होते, दोन मजले गार ठेवायचे म्हणजे काय चेष्टा आहे? सगळी उत्तरं खरी होती आणि सगळ्यांनी ती मान डोलवून घेतली. लोकांना उत्तर मिळालं की पुरतं, कारणाशी त्यांना काय करायचंय?

कारण बारा फुटांचं होतं. परदेशातलं माणूस समोर आणून बसवणाऱ्या सन्निध खोलीला किमान बारा बाय बारा फूट मोकळी जागा लागते, आणि हेमांगीबाईंची गावभागातली नवी खोली कुठूनही मोजली तरी दहा फुटांच्या वर जात नव्हती. त्यातच ओटा, त्यातच मोरी, त्यातच पलंग. त्यांनी स्वतः टेप लावून बघितलं होतं. दलाल बिचारा परोपरीनं सांगत होता की त्याच तळमजल्यावरची पलीकडची खोली जरा ऐसपैस आहे.

"नको," बाई म्हणाल्या. "हीच द्या."

सन्निध खोल्या विश्रामबागेतल्या बंगल्यात बसवल्या त्या श्रीरंगरावांनी. हेमांगीबाईंचे यजमान पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, नवं यंत्र दिसलं की त्यांना चैन पडत नसे. पण त्या वेळी नुसती हौस नव्हती. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. मुलगी रेवा कॅल्गरीला आणि मुलगा निषाद पर्थला. "माझ्यामागं तू एकटी पडायला नकोस," असं म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या दोन्ही खोल्या रिकाम्या करून घेतल्या. कपाटं गेली, पलंग गेले, रेवाचं अभ्यासाचं टेबल गेलं. प्रत्येक खोलीत दोन खुर्च्या तेवढ्या राहिल्या. वर्षभरात श्रीरंगराव गेलेच.

सन्निधचं शास्त्र समजायला तसं अवघड नाही. साध्या पडद्यावरचा ठिपका सगळीकडे एकच रंग फेकतो, म्हणून पडद्यावरचं चित्र चपटं दिसतं. सन्निधच्या भिंतींवर जो पातळ थर चढवतात, त्यातला प्रत्येक ठिपका वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा प्रकाश सोडतो. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं, मान हलवली की आणखी निराळं. हेमांगीबाई जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत आल्या होत्या, सपाट कागदावर खोली कशी भासवायची हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी पहिल्या दिवशी रेवा खोलीच्या मधोमध उभी दिसली, तेव्हा त्या तिच्यामागे जाऊन बघून आल्या. केसांना लावलेला चाप दिसत होता, त्याचा एक दात मोडलेला, तोसुद्धा.

स्पर्शाची युक्ती आवाजाची आहे. छतात बारीक बारीक हजारो कर्णे असतात आणि ते माणसाला ऐकू न येणारा आवाज काढत असतात. त्यांच्या लाटा हिशेबानं एकाच जागी येऊन मिळतात आणि तिथं हवेचा दाब तयार होतो. तो कपाळावर पडला की कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं. ठेवल्यासारखं, एवढंच. त्या हाताला ऊब नसते आणि त्याला पाण्याचा पेला उचलता येत नाही. लाटांना एकमेकींत मिसळायला आणि डोळ्याला भिंत विसरायला बारा फूट तरी लागतात, आणि दोन्ही देशांतल्या खोल्या अगदी सारख्या लावाव्या लागतात. इथली खुर्ची सरकवली तर तिथलं माणूस हवेत बसायला जाऊन पडायचं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं, हे बाई नाकारत नसत. सकाळी रेवा यायची, म्हणजे तिची रात्र. चहाच्या वेळेला निषाद, ऑफिसातून घरी आलेला. दिवेलागणीला पुन्हा रेवा, आता तिची सकाळ. तिन्ही वेळेला जिना चढायचा, केस सारखे करायचे, चेहरा हसरा ठेवायचा. आजारी दिसलं तर चौकशा, गप्प बसलं तर चौकशा. मुलांना भेटून बाई दमायला लागल्या. पण मुलांना भेटून आई दमते हे सांगायची जगात सोय नाही, म्हणून त्या स्वतःलासुद्धा सांगत नसत.

एकदा वाऱ्याची धूळ फार उडत होती म्हणून त्यांनी गव्हाच्या कुरडया रेवाच्या खोलीत, धुतलेल्या लुगड्यावर वाळत घातल्या. खोली रिकामी, फरशी स्वच्छ, वर पंखा. संध्याकाळी रेवा आली ती नेमकी कुरडयांच्या मधोमध उभी, आणि तिकडं कॅल्गरीत यंत्रानं धोक्याची घंटा वाजवून तिची झोपलेली मुलगी उठवली.

"आई, किती वेळा सांगितलंय, खोलीत काही ठेवायचं नाही म्हणून!"

"अगं, वाळवण आहे. दोन दिवसांचा तर प्रश्न."

"दोन दिवस मी यायचं नाही का मग?"

बाईंनी लुगडं गोळा केलं. एवढा दोन मजली बंगला, आणि आपल्याला कुरडया घालायला त्यात जागा नाही, हे त्यांना फार लागलं. त्यानंतर वाळवण गच्चीवर.

आणि गच्चीमुळंच सगळं कळलं.

एप्रिलमधली दुपार होती, चहाची वेळ. निषाद आलेला होता आणि त्याच्या बदलीच्या गोष्टी सांगत होता. एकाएकी आभाळ भरून आलं. बाईंनी "आले रे, बस हं," एवढं म्हटलं आणि त्या गच्चीवर धावल्या. कुरडया अर्ध्या ओल्या, काढताना मोडत होत्या. सगळ्या सुपात भरेपर्यंत बराच वेळ गेला. पाऊस काही आला नाही, नुसता हूल देऊन गेला. सूप कमरेवर घेऊन त्या खाली आल्या, तर निषादच्या खोलीतून हसण्याचा आवाज.

त्या दारातच थांबल्या. निषाद खुर्चीत पुढं झुकून बसला होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून तो डोळे पुसून पुसून हसत होता.

"मग पुढं काय झालं गं?" त्यानं खुर्चीला विचारलं. थोडा थांबला, मान डोलवली, पुन्हा हसला. "आई, तू पण ना!"

"निषाद," बाईंनी हाक मारली.

त्यानं वळून पाहिलं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि साधा फोन लावला.

"आई?" फोनवर निषाद. मागं दुकानातल्या ढकलगाडीची चाकं वाजत होती. "काय गं, फोन का केलास?"

"कुठं आहेस तू?"

"जरा दुकानात आलोय, दूध संपलं होतं. खोली चालूच ठेवलीय की. तुझी मावशीच्या लग्नाची गोष्ट रंगात आली होती, मधेच कसं उठायचं म्हणून..."

"माझी गोष्ट?"

"हो, तूच नाही का सांगत होतीस? दिवे गेले आणि मावशीनं हार भटजींना घातला, ती."

"निषाद, मी मघापासून गच्चीवर आहे. कुरडया काढतेय."

चाकांचा आवाज थांबला. खोलीतला निषाद मात्र रिकाम्या खुर्चीशी छान गप्पा मारत होता. म्हणजे तिकडं पर्थच्या रिकाम्या खोलीत हेमांगीबाई बसलेल्या होत्या आणि इकडं सांगलीच्या रिकाम्या खोलीत निषाद. दोघांचं अगदी मायेनं चाललं होतं.

"आई," फोनवरचा निषाद म्हणाला, "मला वाटलं, उठलो तर तुला वाईट वाटेल."

यंत्रात बिघाड नव्हता, असं चौकशी केल्यावर कळलं. सांगलीहून पर्थला चित्र पोहोचून उत्तर परत यायला पापणी लवण्याएवढा वेळ लागतो, आणि समोरासमोर बसलेल्या माणसांना तेवढाही खुपतो. म्हणून यंत्र वाट बघत नाही. ते माणूस शिकून घेतं. हा कशाला हसतो, मान कधी डोलवतो, कोणती गोष्ट कितव्यांदा सांगतो, सगळं. मग पुढच्या क्षणी तो काय करील याचा अंदाज बांधून ते आधीच दाखवून टाकतं, आणि खरं आलं की चूक पुसून घेतं. हा अंदाज सुरुवातीला पापणीएवढाच होता. कंपनी सुधारणा पाठवत गेली तसा तो लांबत गेला. माणूस शिंकला, दुसऱ्या फोनकडं वळला, दूध उतू चाललं म्हणून उठला, तर समोरच्याला तुटल्यासारखं वाटू नये म्हणून यंत्र तेवढी जागा भरून काढतं. कंपनी त्याला 'पूरक' म्हणते. लोकांना ते आवडलं होतं. कुणाचंच मन दुखत नव्हतं.

हेमांगीबाईंना त्या क्षणी आठवला तो फेब्रुवारीतला ताप. रेवानं हट्टानं त्यांना आपल्या खोलीत गादी घालून निजायला लावलं होतं. रात्रभर, म्हणजे तिच्या दिवसभर, ती उशाशी होती, कपाळावर हात ठेवून. पहाटे घसा कोरडा पडला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "रेवा, पाणी."

"हो आई, देते हं," रेवा म्हणाली होती.

आणि बाई वाट बघत राहिल्या होत्या. रेवानं ते पुन्हा म्हटलं, अगदी प्रेमानं, "देते हं." पाणी शेवटी उजाडल्यावर वर्षा पाटलांनी वर येऊन पाजलं. तापाच्या ग्लानीत काहीतरी ऐकू आलं असेल, असं समजून बाईंनी तो विषय मनातून काढला होता. खरी रेवा असती तर म्हणाली असती, अगं मी कशी देणार? फोन केला असता कुणाला तरी. पण रेवा नंतर सगळ्यांना सांगायची, मी दिवसभर आईजवळ होते. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि बाईंना सगळ्यात जास्त थकवा आला तो या गोष्टीचा.

पूरक बंद करून बघितलं. निषादनं तयारी दाखवली. मग त्याचा चेहरा बोलता बोलता गोठायचा, हात एकीकडं आणि आवाज दुसरीकडं व्हायचा, आणि तो उठून गेला की भकन् नाहीसा व्हायचा. दोघांचीही डोकी दुखायला लागली. थोड्याच दिवसांत तो ओशाळून म्हणाला, "आई, पहिल्यासारखंच ठेवू या का?" बाई म्हणाल्या, ठेव.

मग त्यांनी बंगला विकायला काढला.

रेवाला ते प्रत्यक्ष सांगावं, म्हणजे सन्निधमध्ये, असं त्यांनी ठरवलं. रेवा खुर्चीत बसून ऐकत होती.

"पण घर कशाला बदलायचं? नको असेल तर खोल्या बंद कर ना."

"बंद केल्या तर चार दिवसांनी मीच चालू करीन गं. मला माझा भरवसा नाही. संध्याकाळ झाली की पाय आपोआप जिन्याकडं वळतात. म्हणून जागाच नको."

"आणि आम्ही कुठं यायचं?"

"घरी या."

"आई, ते काय इतकं सोपं आहे? मुलीची शाळा, माझी नोकरी, विमानांचे हे हाल. मी रोज दोनदा येते तुझ्याकडे. कोण येतं एवढं? सासरहून पळत पळत माहेरी यावं तशी येते मी, आणि तू माझी खोलीच विकतेस?" रेवाचा आवाज चिरकला आणि ती रडायला लागली.

हेमांगीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. ओठ आवळून, हुंदका गिळून रडायची तिची लहानपणापासूनची रीत. पोटची पोर समोर रडत होती आणि बाईंच्या मनात एकच विचार, ही आत्ता रडतेय ती रेवाच आहे ना?

त्या उठून खाली गेल्या आणि त्यांनी तिला फोन केला. तो उचलला गेला तेव्हा पलीकडं खरंच कुणीतरी रडत होतं.

"तू उठून गेलीस?" रेवा म्हणाली. "मी रडतेय आणि तू उठून गेलीस?"

"मला खात्री करायची होती," बाई म्हणाल्या.

रेवानं फोन ठेवला, आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही.

गावभागातल्या खोलीत बाई एकट्या राहायला लागल्या. पलंगावरून हात लांब केला की ओटा. सकाळी कुणासाठी केस सारखे करायचे नव्हते. पहिले काही आठवडे त्या नुसत्या झोपल्या. दुपारी झोपल्या, संध्याकाळी झोपल्या. किती वर्षांचं जागरण साचलं होतं कुणास ठाऊक. निषाद रविवारी फोन करायचा, त्याला बोलायला फार काही सुचायचं नाही आणि बाईंनाही. पण तो गप्प बसला की खरोखर गप्प बसायचा, तेवढं बरं वाटायचं.

झोप पुरी झाल्यावर मात्र खोली खायला उठली. दिवाळी आली. रेवाचा निरोप नाही. बाईंनी फोन लावला तो तिनं उचलला नाही. भाऊबीजेच्या दिवशी त्यांनी चकल्या केल्या, निम्म्या वर्षा पाटलांकडं पोहोचवल्या, आणि घरी येऊन पलंगावर बसून पोटभर रडल्या. नातीचं नाव घेऊन हाक मारली तर खोलीत कुणी नव्हतं. बंगल्यात निदान कुणीतरी 'हो' म्हणालं असतं.

हिवाळा गेला. मार्च उजाडला तेव्हा दलालाचा फोन आला की पलीकडची खोली रिकामी झालीय, घेताय का? बाई टेप घेऊन गेल्या. भिंत ते भिंत बारा फूट, वर चार बोटं.

"काय करता मग?" दलालानं विचारलं.

"दोन दिवसांत सांगते," त्या म्हणाल्या. परत येताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि खूप हलकंही वाटत होतं. थोडंसं खोटं चाललं असतं की. जगाचं चालतंच आहे. देते हं म्हणाली आणि दिलं नाही, म्हणून काय झालं? म्हणाली तर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात रेवा. हातात बॅग, पायांत लोकरी मोजे आणि सांगलीच्या उन्हात घामानं चिंब. केस कानांपाशी पांढरे झालेले. सन्निधमध्ये ते कधी दिसले नव्हते, यंत्रानं बहुतेक जुनीच रेवा पाठ केलेली होती.

"भांडायला आलेय," रेवा म्हणाली. "एक आठवडा सुट्टी आहे. हॉटेलात खोली घेतलीय, तुझ्याकडे जागा नाही ना."

"भांड. आधी चहा घे."

चहा होईपर्यंत ती पलंगावर आडवी झाली आणि झोपून गेली. बॅग दार आणि ओटा यांच्या मधोमध. दिवसभर बाई ती बॅग ओलांडून मोरीत गेल्या, बॅग ओलांडून ओट्याशी आल्या. एकदा गुडघा तिच्यावर आपटला. त्यांनी झोपलेल्या लेकीच्या कपाळावर हात ठेवून बघितला. कपाळ गरम होतं, ओलं होतं, आणि अंगाला विमानाचा शिळा वास येत होता.

हॉटेलात ती गेलीच नाही. भांडण दुसऱ्या दिवशी झालं, आणि चांगलंच झालं. माझं माहेर तोडलंस, रेवा म्हणाली. तुझं माहेर मी आहे, बंगला नव्हे, असं बाई म्हणाल्या, आणि मला पाणी हवं होतं गं त्या रात्री, असंही म्हणाल्या. रेवाला त्यातलं काही आठवेना. तिच्याकडं तेव्हा दिवस होता आणि ती ऑफिसच्या बैठकीत होती, शेजारच्या खोलीत. खोली चालू आहे, म्हणजे मी आईजवळ आहे, असं तिला वाटलं होतं. ती बराच वेळ ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. इतक्या लहान घरात भांडून कुठं जाता येत नाही, तोंड फिरवायचं एवढंच.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. दुपार रणरणत होती. रेवा पलंग आणि ओटा यांच्यामधल्या फरशीवर बसली होती, पाय लांब केले तर समोरच्या भिंतीला लागत होते. बाईंचा फोन वाजला. दलालाचं नाव दिसलं, तसा त्यांनी तो उचलून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "नको, दुसऱ्या कुणाला द्या," आणि ठेवला.

मग बसल्या बसल्या त्यांना मावशीच्या लग्नाची गोष्ट आठवली, जी त्यांच्याऐवजी यंत्रानंच सांगितली होती. त्या सांगायला लागल्या. मांडव कसा होता, वारं कसं सुटलं, मावशी कशी थरथरत होती. दिवे गेले इथपर्यंत आल्या आणि त्यांनी बघितलं, तर रेवा फोनवर काहीतरी वाचत होती.

"ऐकतेस ना गं?"

रेवानं मान वर केली. चेहऱ्यावर अजून फोनमधलंच काहीतरी होतं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं. परत सांग."

सन्निधमधली रेवा असं एकदाही म्हणाली नव्हती. तिचं लक्ष नेहमी असायचं.

हेमांगीबाईंना एकदम भरून आलं. हसूही आलं. "सरक थोडी तिकडं," असं म्हणून त्या गुडघे सांभाळत तिच्या शेजारी फरशीवर टेकल्या. खांद्याला खांदा लागला, कारण दुसरीकडं लागायला जागाच नव्हती. रेवानं फोन पलंगावर टाकला. बाईंनी मावशीच्या लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.